बुवांच्या खुणेवर

डोंबिवलीत ‘कान’ असलेली माणसं फार. तसे दोन-दोन कान देवाने सगळ्यांनाच दिलेत, पण ह्यांचा कान वेगळा. ‘अण्णांना कान आहे हो,’ असं कुणी म्हटलं की बाकीच्यांनी माना डोलवायच्या आणि अण्णांनी डोळे मिटून घ्यायचे. मंजुळाला ह्या असल्या लोकांचा मनापासून तिटकारा होता.

तो तिटकारा काही हवेतून आलेला नव्हता. अठरा वर्षं तिने वागळे इस्टेटमधल्या एका रेडिओच्या कारखान्यात काढलेली. लाइनवर चाळीस बाया. खाली मान घालून सोल्डर मारायचं, वायरी जोडायच्या, डबा पुढे सरकवायचा. शेवटी एक साहेब यायचा, सेट कानाशी धरायचा, ‘ओके’ म्हणायचा आणि मागच्या चिठ्ठीवर सही ठोकायचा. कितीदा तरी त्याने मेलेला सेट ओके केला आणि ठणठणीत सेट परत पाठवला. त्याला काय घंटा कळत होतं! पण सही त्याची. देशभर सेट गेले, त्यांतल्या एकाच्याही मागे मंजुळाचं नाव नव्हतं. अठ्ठ्याऐंशी साली कारखान्याला टाळं लागलं तेव्हा तो साहेब दुसरीकडे चिकटला आणि चाळीस बाया घरी गेल्या.

मंजुळा घरी बसणारी नव्हती. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात तिचं घर, नवरा नामा खाडीवर जायचा. ती आठवड्यातून चार दिवस डोंबिवलीला तानाजीच्या दुकानात यायची. तानाजीचं दुकान रेडिओ, टेप आणि स्पीकर दुरुस्तीचं, अगदी भर बाजारात. पुढे काउंटरवर तानाजी, मागे प्लायवूडच्या फळीआड मंजुळा. गिर्‍हाइकाने विचारलं, की तानाजी म्हणायचा, “आमचा मिस्त्री आहे ना आत, एक नंबर माणूस.” हा एक नंबर माणूस आत साडीचा पदर खोचून बसलेला असायचा आणि ते ऐकून दात ओठ खायचा.

ब्याण्णवच्या उन्हाळ्यात तिने शेवटी तोंड उघडलं. “तानाजी, बोर्डावर माझं नाव टाक. दुरुस्ती, मंजुळा कोळी. एवढंच.”

तानाजी हसला. मग तिचा चेहरा बघून हसायचा थांबला. “ताई, तुमचं काम सोन्यासारखं आहे, मी कधी नाही बोललोय का? पण बाईचं नाव बघून ही पब्लिक आपला स्पीकर देईल का? अरे, इथे गवयापेक्षा ऐकणारे जास्त शहाणे.” मग त्याने जरा डोकं खाजवलं. “असं करू. अण्णा खासनिसांचे स्पीकर येतायत. ते एकदा चारचौघांत बोलले ना, की काम फस्क्लास झालंय, की दुसर्‍या दिवशी बोर्ड रंगवतो. शब्द देतो.”

अण्णा खासनीस हे प्रकरण तिने ऐकलेलं होतं. सरकारी खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. दर रविवारी सकाळी त्यांच्या घरी ‘नादवेल श्रवण मंडळ’ भरायचं. आठ-दहा पुरुष सतरंजीवर बसून रेकॉर्डी ऐकायचे आणि मग ऐकण्यापेक्षा दुप्पट वेळ बोलायचे. कुणी कुठला प्लेयर घ्यावा, कुणाकडे दुरुस्तीला द्यावा, हे तिथे ठरायचं. अण्णांनी एखाद्या दुकानदाराला ‘आतबट्ट्याचा’ म्हटलं तर त्याच्या दुकानात पुन्हा कुणी पाऊल टाकत नसे. त्यांच्या एका शब्दावर आता मंजुळाचं नाव टांगलेलं होतं.

तानाजीबरोबर ती टेंपो घेऊन स्पीकर आणायला गेली. रामनगरात पहिल्या मजल्यावर घर. दोन विलायती खोकी, कमरेएवढी उंच, खर्‍या सागाची. तीस वर्षांपूर्वी कुठल्यातरी परदेशी साहेबाने देश सोडताना विकलेली. खोक्याच्या पुढच्या बाजूला खाली एक पितळी पट्टी आणि त्या पट्टीत एकेक काळं बटण. ते बटण म्हणजे लेव्हल कंट्रोल. खोक्यात वर जो छोटा स्पीकर असतो, ट्वीटर, बारीक आणि उंच आवाज काढणारा, त्याला किती बोलू द्यायचं ते त्या बटणाने ठरतं.

पितळ असं लखलखत होतं की त्यात तोंड दिसावं. बटणाच्या बाजूला, पट्टीवर, लाल ऑइलपेंटचा एक ठिपका होता.

“हा ठिपका बघितलात?” अण्णा तानाजीला म्हणाले. मंजुळा शेजारी उभी होती, पण अण्णा तिच्याकडे बघून बोलत नव्हते. त्यांनी तिला हमाल धरलं होतं की काय देव जाणे. “एकोणऐंशी साली मैफलीला आलेले गवई बुवा आपल्या घरी उतरले होते. तीन तास बसून त्यांनी स्वतःच्या हाताने हे बटण जुळवलं आणि म्हणाले, खासनीस, आता ह्याला हात लावायचा नाही. मी लगेच खूण करून ठेवली. तेरा वर्षं झाली, बुवा गेले, पण बटण तसूभर हललेलं नाही.”

“अजिबातच फिरवलं नाही?” मंजुळाने विचारलं.

अण्णांनी तानाजीकडे बघूनच उत्तर दिलं. “फिरवायचं कशाला? चुकीच्या जागी न्यायला?”

मंजुळाने ओठ दाबून धरले. लेव्हल कंट्रोल म्हणजे काय पिंडीवरचं बेलपान आहे? ते अधूनमधून फिरवलं नाही, तर आत गंज धरतो. लाइनवरच्या पोरीसोरींनाही हे माहीत होतं. पण बुवा सांगून गेलेले ना!

“तक्रार एकच,” अण्णा म्हणाले. “गेल्या दसर्‍यापासून मधूनच खरखर येते. ती काढा. आवाजाला हात लावायचा नाही. हा आवाज उभ्या महाराष्ट्रात दुसरीकडे नाही.”

तेवढ्यात आतून अण्णांच्या पत्नी चहा घेऊन आल्या. वासंतीबाई. बारीक अंगाच्या, सदा काहीतरी पुसत असल्यासारखे हात. त्यांनी पहिला कप मंजुळाच्या हातात दिला. मंजुळा म्हणाली, “पितळ काय चमकवलंय हो वहिनी.” त्यावर बाई एवढ्या खूश झाल्या की बघत राहावं. “दसरा आणि पाडवा, दोन्ही दिवशी न चुकता. चिंच भिजवून चोळते आणि पाण्याने धुऊन काढते. तो ठिपका मात्र जपते हं, त्याच्याभोवतीने बोट फिरवते. यंत्राची पूजा यंत्र स्वच्छ केल्यावरच करावी ना?”

“तू आत जा, तुला काय त्यातलं,” अण्णा म्हणाले, आणि वासंतीबाई आत गेल्या. मंजुळाने चहाचा घोट घेतला आणि पितळी पट्टीकडे पुन्हा एकदा बघितलं.

दुकानात फळीआड तिने पहिलं खोकं उघडलं, कंट्रोल बाहेर काढला, आणि एकटीच खो खो हसत सुटली. तानाजी धावत आला. “काय झालं ताई?”

“वास घे.”

तानाजीने वास घेतला. “आमटीसारखा येतोय.”

“चिंच आहे. तेरा वर्षांची चिंच.”

कंट्रोलच्या आत तारेचं वेटोळं असतं आणि त्यावरून एक पितळी जीभ फिरते. इथे वेटोळं हिरवंगार झालेलं, तार जागोजागी खाल्ली गेलेली, आणि जीभ हिरव्या गंजावर चिकटून बसलेली. दर दसर्‍याला आणि दर पाडव्याला चिंचेचं पाणी बटणाच्या दांडीवरून गुपचूप आत उतरत होतं. जिथे जीभ ठेवून बुवा गेले, नेमकी तिथलीच तार पहिली मेली. बटण जरा जरी फिरवलं असतं तर जीभ दुसर्‍या जागी टेकली असती. पण खूण ना! दुसर्‍या खोक्यात तीच गत. मंजुळाने मीटर लावला. काटा हलला नाही.

“तानाजी, ट्वीटर दोन्ही ठणठणीत आहेत. पण त्यांना करंटच जात नाही. दहा वर्षं तरी गेला नसेल. ही माणसं दहा वर्षं ट्वीटरशिवाय ऐकतायत आणि उभ्या महाराष्ट्रात असा आवाज नाही म्हणतायत!”

“मग ती खरखर?”

“जोरात लावलं की खोकं हादरतं, जीभ एका तारेला चुकून टेकते. ट्वीटर बिचारा बोलायला बघतोय, आणि ह्यांना ती खरखर वाटते.” तिने कंट्रोल टेबलावर आपटला. “कान आहे म्हणे. शेंबूड पुसायला रुमाल कुठे धरायचा ते तरी कळतं का त्यांना?”

तरी कामात तिने कसूर केली नाही. उलट एवढं जीव ओतून काम तिने कधी केलं नसेल. असल्या जागी साधा व्हॉल्यूमचा कंट्रोल बसवून चालत नाही. ह्यात वेटोळी दोन असतात, एक वाढलं की दुसरं तेवढंच घटतं, म्हणजे बटण कुठेही फिरवा, मागच्या सर्किटवर भार सारखाच राहतो. भलताच बसवला तर आवाजाची सगळी घडीच विस्कटते. ती दोन दिवस मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या बोळांतून हिंडली. एका म्हातार्‍या दुकानदाराकडे जुन्या मालात बरोबर मापाचे दोन मिळाले, दोन्ही सारखे. दांडी जाड निघाली, ती कानशीने घासून जुन्या बटणात बसेल अशी केली. पट्टीच्या मागून रबराची चकती लावली, म्हणजे वहिनींनी हौदभर चिंच ओतली तरी थेंब आत जायला नको. ट्वीटरच्या वाटेतले कपॅसिटर सुकलेले, तेही बदलले. मग मीटर लावून, एका खोक्याजवळ, मग दुसर्‍याजवळ, मग दोन्हींच्या मधोमध बसून, तिने बटणं जुळवली. योगायोग म्हणा, पण ती बुवांच्या ठिपक्याशीच येऊन थांबली. बुवांना कळत होतं बरं का. त्यांच्या मागे राहिलेल्यांचं काय ते बोलायलाच नको.

दुकानातल्या प्लेयरवर तिने एक गाण्याची रेकॉर्ड लावली. तानपुर्‍याची तार अशी उलगडून आली की तानाजी काउंटर सोडून आत आला आणि उभाच राहिला. “आई शप्पथ,” एवढंच बोलला. मंजुळाच्या अंगावर काटा आला. ‘आता बोल म्हणावं खासनीस,’ असं ती मनात म्हणाली.

रविवारी मंडळ भरलं होतं. नऊ पुरुष सतरंजीवर, अण्णा आरामखुर्चीत. सगळ्यांत पुढे बाळ वैद्य नावाचा बँकेतला एक गृहस्थ. अण्णा शिंकले तर हा ‘वा’ म्हणणार, असल्यातला. मंजुळा आणि तानाजी दाराशी उभे. तानाजीने सगळ्यांसमोर सांगून टाकलं, “अण्णासाहेब, हे काम आमच्या मंजुळाताईंनी केलंय.” नऊ माना वळल्या आणि परत जागेवर गेल्या.

अण्णांनी रेकॉर्ड लावली. जुन्या काळच्या एका गायिकेची, मंडळाच्या नेहमीच्या पाठातली.

तानपुरा सुरू झाला आणि खोली एकदम मोठी झाली. तबल्यावरचं बोट ऐकू आलं. गायिकेने सूर लावायच्या आधी हलकेच श्वास घेतला, तो इतका जवळून आला की जणू ती सतरंजीवरच बसली होती. स्वयंपाकघराच्या दारात वासंतीबाई हातात झारा घेऊन थबकल्या. “अगं बाई,” त्या मोठ्यांदा म्हणाल्या, “श्वास घेतला हो तिने! आत्ता, सुरू करायच्या आधी!” त्यांचे डोळे लहान मुलीसारखे झाले होते.

नऊ पुरुषांपैकी एकाचाही चेहरा हलला नाही. सगळे अण्णांकडे बघत होते. आधी अण्णांचं मत, मग ह्यांचे कान.

अण्णांनी सुई उचलली. “बिघडवलंत,” ते म्हणाले.

“बिघडवलं,” बाळ वैद्य लगेच म्हणाला. “टोचतंय.”

“कर्कश!” तिसरा. “गोलाई गेली.” चौथा. पाचवा नुसताच कानात करंगळी घालून बसला.

“केवढी चिरचिर ही!” अण्णांचा आवाज चढला. “आवाजाला हात लावू नका म्हणून सांगितलं होतं ना मी? माझ्या घराचा मासळीबाजार केलात!”

कुणीतरी खुदकन हसलं. मंजुळा एक पाऊल पुढे सरकली. तानाजी तिच्या कोपराला हळूच हात लावत होता, म्हणजे गप्प राहा. पण ती गप्प राहण्यातली नव्हती.

“आवाज बिघडला नाय, आता सुधारलाय. तुमचे ट्वीटर बंद होते. दोन्ही. दहा वर्षं तरी.”

“म्हणजे आम्ही दहा वर्षं बहिरे होतो?” अण्णा पहिल्यांदाच तिच्याकडे बघून बोलले.

ह्याचं खरं उत्तर मंजुळाच्या जिभेच्या टोकावर होतं. ते तिने गिळलं. “कंट्रोल गंजलेले. मी बरोबर आणलेत, बघा.” तिने पिशवीतून ते दोन हिरवे गोळे काढून टीपॉयवर ठेवले.

“चांगले कंट्रोल गंजतील कशाने? कुणी बिघडवले? सांगा की!”

मंजुळाने तोंड उघडलं आणि मिटलं. दारातल्या वासंतीबाईंकडे तिची नजर गेली. बाईंनी तो हिरवा रंग बघितला होता. झारा खाली गेला, चेहरा उतरला. मंजुळाने नाव घेतलं असतं तर अण्णांनी बायकोला तिथल्या तिथे सोलली असती.

बोलल्या त्या वासंतीबाईच. “माझ्यामुळे झालं ते,” त्या पुढे येऊन म्हणाल्या. सगळ्या पुरुषांसमोर, झारा तसाच हातात. “मी चिंच लावते पितळेला. ते पाणी आत गेलं असणार. त्या बाई खरं बोलतायत. आवाज आत्ताच चांगला आलाय. मला श्वास ऐकू आला.”

नऊ माना अण्णांकडे वळल्या. मग अण्णा हसले, आणि मग सगळेच हसले.

“ऐका! चिंचेने म्हणे स्पीकर जातो. उद्या म्हणशील कढीपत्त्याने टीव्ही बंद पडला. वासंती, तुझी आमटी करपेल. जा.”

बाळ वैद्य तर हसून हसून लोळायचाच बाकी होता. वासंतीबाईंनी मंजुळाकडे बघितलं. नुसतं बघितलं नाही, वाट बघितली. आता ही सांगेल, आता ही बोलेल, असं त्या नजरेत स्पष्ट होतं.

अण्णा तानाजीकडे वळले. “माझा जुना आवाज परत पाहिजे. आजच्या आज. नाहीतर तुमचं दुकान काय लायकीचं आहे ते मी सगळ्यांना सांगायला मोकळा.”

तानाजी तिच्या कानाशी झुकला. “ताई,” तो कुजबुजला, “बोर्ड गेला खड्ड्यात, दुकान वाचवा.”

मंजुळाने त्या नऊ तोंडांकडे बघितलं. आणि तिच्या मनात एवढी तुच्छता भरून आली, की तिला वाटलं, ह्यांना काय सांगायचं? कशासाठी सांगायचं? ज्या माणसांना स्वतःच्या कानाचा भरवसा नाही त्यांच्यापुढे खरं मांडून मी काय मिळवणार? त्यांना मेलेला आवाज पाहिजे ना? घ्या. पोटभर घ्या.

“अण्णा म्हणतात ते बरोबर आहे,” ती मोठ्याने म्हणाली. “माझीच चूक झाली. बटण बुवांच्या खुणेवर नीट बसलं नव्हतं. दोन मिनिटं द्या.”

ती खोक्यांपुढे बसली. बटण दांडीवर एका बारीकशा स्क्रूने आवळलेलं असतं. तिने तो स्क्रू ढिला केला, बटण काढलं, उघडी दांडी पार शून्यावर नेली, जिथे ट्वीटर पूर्ण मुका होतो, आणि मग बटण पुन्हा असं बसवलं की त्यावरची पांढरी रेघ बरोबर लाल ठिपक्यासमोर आली. दुसर्‍या खोक्याचं तसंच केलं. वरून बघणार्‍याला वाटावं, बाईने खूण जुळवली.

अण्णांनी सुई ठेवली. आवाज घोंगडीत गुंडाळल्यासारखा आला. श्वास नाही, तार नाही, तबल्यावरचं बोट नाही. नुसती गुळगुळीत गोलाई.

“वा!” अण्णांनी डोळे मिटले. “हाच! हाच तो!”

“खरखरही गेली हो,” बाळ वैद्य म्हणाला.

“बुवाच समोर बसलेत,” तिसर्‍याने डोळे पुसले. खरोखर पुसले.

अण्णा प्रसन्न झाले. मोठ्या माणसाने चूक पदरात घ्यावी तसं ते म्हणाले, “बाई, चूक कबूल करायला मोठेपणा लागतो. काम उत्तम केलंत. तानाजी, नाव काय ह्यांचं? मंजुळा कोळी? मंडळाच्या सगळ्यांना मी सांगतो, दुरुस्ती ह्यांच्याकडेच.”

मंजुळाने मान खाली घालून हसू दाबलं. जाताना तिने स्वयंपाकघराकडे बघितलं. दार लोटलेलं होतं.

तानाजीने शब्द पाळला. दुसर्‍याच दिवशी पेंटर बोलावला. पिवळ्यावर लाल अक्षरं, ‘दुरुस्ती : मंजुळा कोळी’. तिने रस्त्याच्या पलीकडे जाऊन ते तीनदा वाचलं. नामाला मुद्दाम ठाण्याहून आणून दाखवलं. आणि गिर्‍हाइकांची रीघ लागली. मंडळातले, मंडळातल्यांचे मेहुणे, मेहुण्यांचे साहेब. सगळ्यांची मागणी एकच, “अण्णांच्यासारखा करून द्या.” मंजुळा नवीन कंट्रोल बसवायची, ट्वीटर जागा करायची, स्वतः एकदा ऐकायची, आणि मग त्याला मुका करून गिर्‍हाइकाच्या हवाली करायची. “वा,” गिर्‍हाईक म्हणायचं. तिला मोठी मजा यायची. अख्ख्या डोंबिवलीला मी उल्लू बनवतेय, असं ती नामाला सांगायची.

दोन महिन्यांनी एका दुपारी वासंतीबाई दुकानात आल्या. एकट्याच. हातात भाजीची पिशवी. तानाजी जेवायला गेलेला. मंजुळाने त्यांना फळीच्या आत घेतलं, स्टूल पुसून दिलं.

“एक विचारायचं होतं,” बाई म्हणाल्या. “तुम्हाला ह्यातलं कळतं म्हणून. कानाचा चांगला डॉक्टर माहितीये का कुणी ठाण्यात? इथे गेले तर ह्यांना कळेल.”

“कुणाच्या कानाला काय झालं?”

“माझ्याच. त्या रविवारी मला भलतंच काहीतरी ऐकू आलं ना. श्वास वगैरे. तुम्हीच म्हणालात, अण्णांचं बरोबर, बटण चुकीचं होतं. चुकीचा आवाज मला इतका आवडला, म्हणजे माझ्यातच काहीतरी दोष असणार. हल्ली मी गाणी ऐकायची सोडलीत. उगाच आपल्याला कळत नसताना…”

मंजुळाला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि ती हसली. तिला वाटलं, आता ही आपली गंमत ह्या बाईला सांगावी, दोघी मिळून हसू. “अहो वहिनी, तुमचे कान एकदम बरोबर आहेत! त्या खोलीत एकट्या तुम्हालाच ऐकू आलं. मी बटण काढून फिरवलं आणि ट्वीटर मुद्दाम बंद केला. खूण नुसती दाखवायला. मस्त उल्लू बनवलं की नाही त्यांना?”

वासंतीबाई हसल्या नाहीत.

“त्यांना कुठे बनवलंत?” त्या म्हणाल्या. “ते तर खूश आहेत. त्यांना जे पाहिजे होतं ते मिळालं, तुम्हाला पाहिजे होतं ते मिळालं. मी नऊ पुरुषांसमोर सांगितलं की ह्या बाई खरं बोलतायत. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या खोलीत तोंड उघडलं. आणि तुम्ही म्हणालात, अण्णांचं बरोबर.”

मंजुळाने टेबलावरचा स्क्रूड्रायव्हर उचलला. “वहिनी, मी येते ना घरी, आत्ता येते, दोन मिनिटांचं काम आहे, तो स्क्रू…”

“नको,” वासंतीबाईंनी पिशवी उचलली. “आता परत श्वास ऐकू आला तरी मी ह्यांनाच विचारणार, की आला का हो?”

त्या उठल्या, काउंटरची फळी वर करून बाहेर पडल्या आणि बाजाराच्या गर्दीत शिरल्या. मंजुळा त्यांच्यामागे दुकानाच्या पायरीपर्यंत आली. तेवढ्यात समोरून एक गृहस्थ खोकं घेऊन रिक्षातून उतरले, बोर्डाकडे बघून त्यांनी विचारलं, “मंजुळा कोळी कोण?” आणि तिला पटकन ‘मी’ म्हणता आलं नाही.